१९५ देश, एक भारतीय पासपोर्ट आणि माझी अर्धवट वही

उसाचं_चिपाड (रविवार, रात्री ११.१०)

मंडळी, बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो. आज बायको माहेरी, घर शांत, म्हणून बसलो.

माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे. गेलेल्या देशांची नावं तिच्यात लिहितो. २००६ साली पहिलं नाव लिहिलं मॉरिशस, गेल्या महिन्यात चौसष्टावं लिहिलं मलावी. सगळे १९५ करायचे आहेत. वय अठ्ठेचाळीस. हिशेब तुम्हीच करा, मी करायचं सोडलंय.

काम सांगतो, म्हणजे ‘एवढे पैसे आणता कुठून’ हा प्रतिसाद वाचेल. साखर कारखान्याची मशिनरी उभी करून ट्रायल घेऊन द्यायची, ही नोकरी. मी वाळवा तालुक्यातला, मळीचा वास जन्मापासून नाकात. आफ्रिकेत जिथं ऊस तिथं आपली माणसं असतातच. बॉयलरवर सांगलीचा, पॅनवर नगरचा, लॅबमध्ये कोपरगावचा. केनिया, युगांडा, इथिओपिया, टांझानिया, एस्वातिनी हे सगळे कामातून झाले. ट्रायल संपली की चार दिवस रजा टाकायची आणि शेजारचा देश बसने गाठायचा. लेसोथो असाच केला. सगळीकडून दक्षिण आफ्रिकेने वेढलेला देश, त्यामुळे चुकून तिसरीकडे जायची भीती नाही.

खूळ डोक्यात शिरलं ते युगांडात, एंटेबेच्या विमानतळावर. शेजारी एक म्हातारा डच बसला होता. छातीच्या खिशातून त्यानं टाइप केलेली यादी काढली. १६८ झाले, २५ राहिले, म्हणाला. मी विचारलं, सगळ्यात अवघड काय गेलं? तो म्हणाला, बायकोची समजूत काढणं. व्हिसाचं नावसुद्धा काढलं नाही हो त्याने! त्याच वेळी माझ्या मांडीवर जी फाइल होती तिच्यात सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांचे आयटी रिटर्न, कंपनीचं पत्र, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि कशाला मागितली होती देव जाणे, पण लग्नपत्रिकाही होती.

माझे तीन पासपोर्ट झालेत, रबर बँड लावून एकत्र ठेवतो. शेवटचे दोन साठ पानी जंबो. फिरणाऱ्याने छत्तीस पानी घेऊच नये, आफ्रिकेतले व्हिसे एकेक पान खातात. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशासाठी पासपोर्ट दिल्लीला पाठवला, पाच आठवड्यांनी परत आला. आत व्हिसा नाही, नकाराचं पत्रही नाही, फक्त माझाच फोटो क्लिप लावून साभार परत. बायको म्हणते, एवढे फॉर्म भरून तुम्ही ग्रामपंचायतीला उभे राहिला असता तर निदान सरपंच झाला असता.

पण आपल्याच पासपोर्टवर हे झालेलं आहे. काशी समद्दार म्हणून दुबईत राहणारे बंगाली गृहस्थ. जवळजवळ सात वर्षांत सगळे सार्वभौम देश करून २००९ मध्ये त्यांनी गिनेसमध्ये नाव लावलं. मला विमानांपेक्षा त्यांनी फॉर्म किती भरले असतील याचंच कौतुक वाटतं.

आता प्रश्न. गेलो म्हणजे नक्की काय? वहीत पाच-सहा नावांपुढे मीच पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय. लोक कसं मोजतात? आणि इथं कुणी या नादाला लागलंय का, की मी एकटाच वेडा?

---

पेठेतला_पाहुणा (रविवार, ११.३२)

लहानपणी आम्ही काड्यापेटीचे छाप जमवायचो, त्याची आठवण झाली. एकाच छापाचे दोन असले की अदलाबदल करायचो. तुमच्याकडे एखादा देश जास्तीचा असेल तर सांगा.

बाकी वीस वर्षांत चौसष्ट देश, त्यात नोकरी धरून. एकेकाच्या वाट्याला काय आलं? माणूस एका गावात आयुष्य काढतो तरी शेजारची गल्ली त्याला माहीत नसते.

---

मिसळ_जादा_तर्री (रविवार, ११.३५)

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

---

अनुराधा_मिसिसागा (सोमवार, सकाळी ७.०५)

चिपाडराव, एकटे नाही तुम्ही. माझे ९१. पण माझी गोष्ट जरा लाज वाटावी अशी आहे, सांगतेच.

यादीचं आधी. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३, शेवटचा आला दक्षिण सुदान, जुलै २०११ मध्ये. व्हॅटिकन आणि पॅलेस्टाईन निरीक्षक, ते धरून १९५. बरेच जण कोसोव्हो आणि तैवान धरून १९७ म्हणतात. लॉस एंजेलिसला १९५४ पासून ट्रॅव्हलर्स सेंच्युरी क्लब आहे. शंभर झाले की सभासद होता येतं, पण त्यांच्या यादीत सव्वातीनशेच्या वर ठिकाणं. हवाई वेगळं, अलास्का वेगळं, आणि हो, आपलं अंदमानही वेगळं. म्हणजे सेल्युलर जेल बघून आलात की एक वाढला. विमान नुसतं इंधन भरायला उतरलं तरी त्यांना चालतं.

याच्या बरोब्बर उलट तो डॅनिश माणूस, थॉर पेडरसन. विमानात पायच ठेवायचा नाही, प्रत्येक देशात किमान चोवीस तास, आणि सगळं संपेपर्यंत घरी परतायचं नाही. ऑक्टोबर २०१३ ला निघाला, मे २०२३ मध्ये मालदीवला संपवलं, त्याच्या यादीप्रमाणे एकूण २०३. मध्ये कोविडमध्ये हाँगकाँगला दोन वर्षं अडकून पडला, उरले होते फक्त नऊ देश.

आता लाजेचं. २०१६ पर्यंत माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता, झाले होते बावीस देश. प्रत्येकाला फाइल, तुमच्यासारखीच. मग कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. पुढच्या चार वर्षांत चाळीस झाले. मी तीच, पगार तोच, गुडघे आणखी वाईट. फक्त पुस्तिकेचा रंग बदलला. पहिल्यांदा नुसतं तिकीट काढून निघाले तेव्हा विमानात बसेपर्यंत वाटत होतं, काहीतरी विसरलंय. जुना पासपोर्ट कोपरा कापून रद्दचा शिक्का मारून परत दिला, तो कपाटात आहे. कधी काढून बघत नाही.

---

मांडवीतीर (सोमवार, ९.४०)

अनुराधाताईंचं वाचून आमच्या घरातलं आठवलं. गोव्यात ज्यांचा जन्म डिसेंबर १९६१ च्या आधी पोर्तुगीज अमलात झाला त्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढता येतो. माझ्या चार चुलतभावांनी काढला. चौघांनीही पोर्तुगाल धड पाहिलेलं नाही, चौघंही इंग्लंडात. वडिलांना विचारलं तर म्हणाले, पोर्तुगालचा हुकूमशहा साळाझार, त्याच्या पोलिसांनी मला ज्या कागदावरून अडवलं, तो कागद आता माझ्या पोरासाठी मागायला जाऊ? नाही काढला. त्यामुळे मी तुमच्याच रांगेत, चिपाडराव. झाले ११.

---

दर्यावर्दी (सोमवार, दुपारी २.१५)

मी या संस्थळावर तीन वर्षं नुसता वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

रत्नागिरीचा. १९८१ ला बोटीवर चढलो, २०१९ ला उतरलो, चीफ इंजिनियर म्हणून. आमच्याकडे वही नव्हती, सीडीसी होती, म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका, तिच्यात कुठल्या बंदरात बोटीवर चढलो-उतरलो एवढंच. परवा नातवाने नकाशा पुढे केला आणि म्हणाला आजोबा खुणा करा. ७६ ठिकाणी खुणा झाल्या. पण तुमचा प्रश्न वाचला आणि झोप उडाली.

लागोसच्या बाहेर एकोणीस दिवस नांगर टाकून होतो. रात्री गावाचे दिवे दिसायचे, पाऊस पडला की ओल्या मातीचा वास यायचा. आत बर्थ मिळाला तेव्हा सतरा तासांत माल उतरवून बाहेर. इंजिन रूममधून मी वर आलोच नाही, पंप उघडला होता. नायजेरिया मोजू?

आधी बरं होतं. मालवाहू बोट बंदरात आठ-दहा दिवस पडायची. ब्राझीलच्या सांतोसला मी दोन आठवडे होतो, न्हाव्याकडे दोनदा गेलो. न्हावी दुसऱ्यांदा ओळखतो तो देश पाहिला, असं आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणायचा. मग कंटेनर आले. २००४ पासून सुरक्षेचे नवे नियम आले, शोअर पास, म्हणजे गावात उतरायची परवानगी, मिळणं मुश्कील झालं, अमेरिकेत तर व्हिसा नसला की गँगवेवर पहारा. शेवटच्या दहा वर्षांतली बंदरं मला क्रेनच्या रंगावरून आठवतात.

दुसरी अडचण. मी गेलो ते काही देश आता नाहीतच. रियेकाला गेलो तेव्हा तो युगोस्लाव्हिया, आता क्रोएशिया. कोपर आता स्लोव्हेनिया. रोस्टॉक पूर्व जर्मनीत होतं. ओडेसा, रिगा, बातुमी, तिन्ही सोव्हिएत युनियन, आता युक्रेन, लाटविया, जॉर्जिया. तिथं बोटीच्या शिडीखाली बंदूकवाला पोरगा उभा, पास बघायचा, परत येताना पुन्हा बघायचा. खलाशांच्या क्लबात बुद्धिबळ आणि फुकट सिनेमा. एका देशाचे तीन झाले आणि मी घरबसल्या दोनने श्रीमंत. नातू म्हणतो आजच्या नकाशाप्रमाणे धरा. पण बातुमीच्या त्या बंदूकवाल्या पोराच्या टोपीवर जॉर्जियाचं चिन्ह नव्हे, लाल तारा होता.

---

मिसळ_जादा_तर्री (सोमवार, २.४०)

काका, दंडवत. पॉपकॉर्न खाली ठेवले. वेगळा धागा काढाच.

---

फौजी_८४ (सोमवार, रात्री ९.२०)

दर्यावर्दी काका, माझं तुमच्या लागोससारखंच, फक्त लांबलं. दक्षिण सुदानला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होतो, मलाकाल. डिसेंबर २०१३ ला तिथं पेटलं तेव्हा तळावर होतो. बायका-मुलं घेऊन हजारो माणसं आमच्या कुंपणाच्या आत आली. तिथं वर्षभर राहिलो, तिथलं पाणी प्यायलो, मलेरियाही तिथलाच. पण बाजारात जाऊन कांदा विकत घेतला नाही कधी. जे पाहिलं ते काटेरी तारेतून नाही तर गाडीच्या काचेतून. चिपाडराव, तुम्ही बसने चार तासांत लेसोथो मोजता, मी वर्ष काढून मोजत नाही.

---

उसाचं_चिपाड (सोमवार, रात्री ११.००)

दिवसभर साइटवर होतो, सगळं एकदम वाचलं.

पेठेतले पाहुणे, काड्यापेटीचा छाप मान्य. पण एक सांगतो. यादी नसती तर मी मलावीला कशाला गेलो असतो? मला कुणी विचारलं असतं, रजा आहे, कुठं जायचं, तर दुबई म्हणालो असतो. मॉरिशसचंच घ्या. मशीनसाठी गेलो, तिथला फोरमन दुपारच्या डब्याला शेजारी बसला आणि म्हणाला, तुम्ही मराठी का? त्याचे पूर्वज ऊस तोडायला बोटीतून गेलेले, दीडशेच्या वर वर्षं झाली. त्याची मुलगी शाळेत मराठी शिकत होती. गणेश चतुर्थीला तिकडे सरकारी सुट्टी असते. त्याची मराठी मला अर्धी कळली, माझी त्याला पाव. मशीन बसवायला गेलो नसतो तर हे कळलं नसतं, आणि यादी केली नसती तर असे पुढचे साठ योग आलेच नसते.

अनुराधाताई, तुम्हाला लाज कशाची? पण खरं सांगू, थोडी जळफळ झाली.

फौजीसाहेब, तुम्ही म्हणता ते लागलं. लेसोथोत मासेरूच्या बाजारात मक्याची उकड आणि पालेभाजी खाल्ली, एवढंच माझ्या बाजूने पुरावा म्हणून नोंदवतो.

---

कायद्याचं_बोला (मंगळवार, ८.३०)

व्यवहाराचं दोन शब्द. आफ्रिका-दक्षिण अमेरिकेत पीतज्वराच्या पट्ट्यातून परत येताना लसीचं प्रमाणपत्र नसेल तर आपल्याकडे सहा दिवस विलगीकरणात बसवतात. प्रवासाला निघायच्या किमान दहा दिवस आधी लस घ्या. २०१६ पासून एकदा घेतली की जन्मभर चालते.

दुसरं, हे देश मोजणारे लोक ‘येमेन’ मोजायला सोकोत्रा बेटावर जातात, फोटो भारी असतात. भारतीयांना २०१७ पासून आपल्याच सरकारची येमेनला जायची मनाई आहे, आणि सोकोत्रा येमेनचंच. पासपोर्ट जप्त झाला की उरलेले १३१ देश घरी बसून.

आणि उत्तर कोरियाबद्दल कुणी विचारण्याआधी: दक्षिणेकडून, दोन्ही कोरियांच्या सीमेवरच्या पानमुनजोमच्या निळ्या खोलीत टेबलाच्या पलीकडे उभं राहिलं की पाय उत्तरेत पडतो. काही जण तो मोजतात. मला तो शेजारच्याच्या अंगणात पाय टाकून त्याच्या घरी जेवलो म्हणण्यातला प्रकार वाटतो.

---

नांदेडची_मीनल (मंगळवार, १०.१०)

सगळे उत्तर कोरिया, येमेन करताहेत. आपल्या पासपोर्टला सगळ्यात अवघड देश तो नाहीच. तो वाघा सीमेच्या पलीकडे आहे. पाकिस्तानचा पर्यटक व्हिसा आपल्याला मिळत नाही. त्या डच म्हाताऱ्याला मिळतो, अनुराधाताईंनाही मिळेल.

मी गेले आहे, किंवा गेले नाही, तुम्हीच ठरवा. डिसेंबर २०१९, कर्तारपूर. तिथल्या गुरुद्वाराला जाणाऱ्या भाविकांसाठीचा कॉरिडॉर नोव्हेंबरात उघडला होता. नांदेडात आमच्या शेजारचे सरदारजी काका-काकू निघाले, मी आणि सासूबाई त्यांच्याबरोबर. डेरा बाबा नानकहून निघायचं, वीस डॉलर फी, व्हिसा नाही. पासपोर्ट बरोबर न्यायचा, पण त्याच्यावर शिक्का मारत नसत. रावीवरून पुढे शेतं, मग पांढरं शुभ्र गुरुद्वार. नानकदेवांनी शेवटची वर्षं तिथं शेती केली. आत समाधी आहे आणि बाहेर कबरही, कारण हिंदू म्हणाले आमचे आणि मुसलमान म्हणाले आमचे.

लंगरमध्ये लाहोरहून आलेली एक बाई समोर बसली होती. सासूबाईंना तिने विचारलं, कुठून आलात? नांदेड म्हटल्यावर तिला कळेना, तिथल्या गुरुद्वाराचं नाव, हजूर साहिब, म्हटल्यावर हात जोडले. सासूबाईंनी नामदेवांचं नाव काढलं, त्यांची एकसष्ट पदं ग्रंथसाहेबात आहेत ना. पुढचं बोलणं कुठल्या भाषेत झालं कुणास ठाऊक, मी वाटीतली खीर संपवत होते. संध्याकाळच्या आत परत.

मे २०२५ मध्ये कॉरिडॉर आपल्या बाजूने बंद केला.

पासपोर्ट कोरा आहे. चिपाडदादा, वहीत लिहू की नको?

---

पेठेतला_पाहुणा (मंगळवार, १०.२५)

लिहा. पेनाने.

(आणि मंडळी, या धाग्याचं काश्मीर करू नका, हात जोडतो.)

---

शुभदा_ग (मंगळवार, दुपारी १.५०)

थोडं अवांतर. माझ्या आजीचं माहेर कराची. फाळणीच्या आधी तिथं मराठी वस्ती चांगली होती. तिचे भाऊ नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कुलात शिकले. सिंधच्या शिक्षणखात्यात काम केलेल्या मराठी माणसाचं नाव त्या शाळेला आहे, शाळा १८५५ ची, आणि अजून चालू आहे त्याच नावाने. आजी शेवटपर्यंत पुण्यातल्या वाऱ्याला नावं ठेवायची. कराचीला संध्याकाळी समुद्राचा वारा सुटतो, त्याला वारा म्हणतात, म्हणायची.

मी एकूण सहा देश पाहिले आहेत. मला १९५ नकोत. हा सातवा हवा आहे, आणि तो होणार नाही बहुतेक.

---

मिसळ_जादा_तर्री (मंगळवार, २.०५)

शुभदाताई, हे अवांतर नाही.

---

अनुराधा_मिसिसागा (मंगळवार, संध्या. ६.३०)

मीनल, जरा दुरुस्ती. आमच्यासारख्यांना व्हिसा सहज मिळतो असं नाही. फॉर्ममध्ये आधीचं नागरिकत्व आणि जन्मस्थळ विचारतात. माझं जन्मस्थळ सातारा. पुस्तिकेचा रंग बदलला तरी सातारा तिथं छापलेलंच आहे. मी अर्ज केलाच नाही.

बाकी चिपाडराव, अवघड म्हणजे फक्त व्हिसा नव्हे. प्रशांत महासागरातला तुवालू हा बेटांचा देश करायचा असेल तर फिजीहून आठवड्याला मोजकी विमानं. मी गेले तेव्हा संध्याकाळी धावपट्टीवर पोरं फुटबॉल खेळत होती, गादी टाकून म्हातारे वाऱ्याला पडले होते. विमान येताना भोंगा वाजतो, मग सगळे उठून बाजूला होतात. कोल्हापूरची रंकाळा चौपाटी म्हणा ना.

---

उसाचं_चिपाड (बुधवार, रात्री १०.१५)

नियम ठरवला, फक्त माझ्यापुरता. विमानतळाबाहेर पाय, तिथलं जेवण आणि तिथली एक झोप. झोपेच्या नियमाने माझे सात उडाले. व्हॅटिकन उडालं, तिथं पोपशिवाय कुणाला झोपायला मिळतं? सान मरिनो उडालं, पाच युरो देऊन शिक्का मारून घेतला होता हौसेने. लेसोथोसुद्धा उडालं, फौजीसाहेब. चौसष्टचे सत्तावन्न. बायकोला सांगितलं तर म्हणाली, अजून कमी करता येतात का बघा.

मीनलताई, तुमचा झोपेच्या नियमात बसत नाही. पण तो नियम माझा आहे, खिरीची वाटी तुमची. वहीत मी पाकिस्तानसाठी एक ओळ मोकळी सोडली आहे. तिथं पेन्सिलसुद्धा लावली नाही.

पुढचा देश जॉर्जिया. अमेरिकेचा व्हिसा कंपनीच्या कामाने मिळालाय, तो असला की तिथं वेगळा व्हिसा लागत नाही. तिबिलिसीहून रेल्वेने बातुमीला जाणार आहे.

---

दर्यावर्दी (गुरुवार, सकाळी ६.००)

बातुमीला जाताय तर एक काम करा. तेलाच्या जेट्टीवरून गावाकडे बघितलं की मागं डोंगर सरळ उठतो, सह्याद्रीसारखा हिरवा. पावसाळी गाव, आमच्या रत्नागिरीसारखंच. मी १९८६ ला दोन संध्याकाळी उतरलो होतो. किनाऱ्याला झाडांचा लांबच लांब रस्ता होता, बाकं होती. तिथल्या एका बाकावर बसून घरी पत्र लिहिलं होतं, ते मी घरी पोचल्यावर दोन महिन्यांनी पोचलं.

रस्ता अजून आहे का बघा. फोटो टाका.

---

उसाचं_चिपाड (गुरुवार, ६.४०)

टाकतो काका. तिकीट ऑक्टोबरचं आहे. कुठल्या बाजूचं बाक, डोंगराकडे तोंड की समुद्राकडे?

---

दर्यावर्दी (गुरुवार, ६.५२)

समुद्राकडे पाठ. समुद्र रोजच बघत होतो.